रणपदकांची पारख

जुन्या कागदाची पारख कशी करावी हें महाराष्ट्रास आतां नव्यानें शिकविण्याची गरज उरलेली नाहीं. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं इतिहासाचीं साधनें गोळा करण्यास आरंभ केला तेव्हांपासून, आणि विशेषतः १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तेव्हांपासून, सनद हातीं आली कीं तिचा मायना पाहावा, शिक्का व मोर्तब पाहावें, कागद आणि शाई पाहावी, शकाशीं संवत्सराचा व तिथीशीं वाराचा मेळ बसतो कीं नाहीं तें ताडून पाहावें, ही शिस्त आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणीं पडली आहे. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद उभे करण्याची चाल आपल्याकडे जुनी असल्यामुळें ही शिस्त आपण कांहींशा नाइलाजानेंच शिकलों. परंतु कागदाला लाविलेली ही कसोटी आपण धातूला लावीत नाहीं. पेटींतून पणजोबांचें पदक निघालें, त्यावर लढाईचें नांव वाचतां आलें, कीं तेवढ्यावर घराण्याचा इतिहास रचला जातो. धातु बोलत नाहीं, म्हणून तो खोटेंही बोलत नसावा, असा कांहींसा आपला समज आहे. हा समज किती फसवा आहे आणि पदकाची उलटतपासणी कशी करतां येते, हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहीत आहों.

आरंभींच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. पदकांच्या संबंधांत 'पट्टी' हा शब्द दोन अर्थांनीं येतो. इंग्रजी पद्धतींत एकाच पदकाच्या फितीवर, एकीवर एक अशा, धातूच्या आडव्या लहान पट्ट्या बसवितात व प्रत्येकीवर एकेका लढाईचें नांव असतें. जर्मन पद्धतींत निरनिराळीं पदकें एका ओळींत, एकाच आडव्या कांबीवर, फिती शिवून बसवितात, आणि ही सबंध ओळ छातीवर लावितात. हिला आपण पदकमाला म्हणूं. पट्टी आणि माला यांची घडण भिन्न असली तरी त्यांची पारख करणारी बुद्धि एकच आहे.

आम्ही हें लिहितों तें बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर तालुक्यांत, हिवरा आश्रम येथें बसून. या गांवाची प्रसिद्धि विवेकानंद आश्रमामुळें. रणांगण म्हणून त्याचें नांव कोणी घेत नाहीं. परंतु येथून चोहोंकडे दृष्टि टाकिली तर इंग्रज-मराठ्यांच्या दुसऱ्या युद्धाचें दक्षिणेंतील निम्मेअधिक नाटक याच टापूंत झालें असें दिसून येईल. पश्चिमेस, आजच्या जालना जिल्ह्यांत, केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत असई आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्लीनें शिंदे व भोसले यांच्या फौजेवर हल्ला केला. ईशान्येस, अकोला जिल्ह्यांत अडगांव आहे. तेथील लढाई २९ नोव्हेंबरची. त्याच्याही पलीकडे मेळघाटांत गाविलगड उभा आहे. तो १५ डिसेंबर रोजीं पडला. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आंत देवगांव व सुर्जी-अंजनगांव येथील तह होऊन वऱ्हाडचें भवितव्य ठरलें. हीं तिन्ही रणस्थळें चांदीच्या पट्ट्यांवर कोरलीं गेलीं आहेत, आणि म्हणूनच पदकांच्या पारखीचा विषय आम्हांस येथें परका वाटत नाहीं.

ज्या पदकावर या पट्ट्या आहेत त्याची हकीकत मोठी विचित्र आहे. लढाया झाल्या १८०३ ते १८२६ च्या दरम्यान. पदक मंजूर झालें १८५१ सालीं! युरोपांत नेपोलियनशीं लढलेल्या जुन्या शिपायांसाठीं १८४७ सालीं एक पदक निघालें, तेव्हां हिंदुस्थानांत लढलेल्यांनीं काय पाप केलें होतें असा प्रश्न साहजिकच उभा राहिला, आणि ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या खर्चानें हें दुसरें पदक पाडविलें. तें चांदीचें आहे. एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचें मस्तक. दुसऱ्या बाजूस ताडाच्या झाडापाशीं बसलेली विजयदेवता, वर 'हिंदुस्थानच्या सैन्यास' या अर्थाचे इंग्रजी शब्द व खालीं १७९९ आणि १८२६ हे दोन सन. ठसा विल्यम वायन या नामांकित कारागिराचा. फीत फिकट निळी. यासाठीं एकंदर २१ निरनिराळ्या पट्ट्या ठरविण्यांत आल्या, आणि वाचकांस आश्चर्य वाटेल, त्यांपैकीं १० पट्ट्या आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवरील आहेत: असई, अडगांव, गाविलगड, खडकी, पुणें, 'खडकी व पुणें', सीताबर्डी, नागपूर, 'सीताबर्डी व नागपूर' आणि कोरेगांव. म्हणजे आपल्या राज्याच्या नाशाचा जमाखर्च आपल्या शत्रूनें चांदीवर लिहून ठेविला आहे!

या पदकाची मुख्य अट अशी होती कीं तें हयात असलेल्यासच मिळावें. असईस लढतांना जो वीस वर्षांचा होता तो १८५१ सालीं अडुसष्ट वर्षांचा झाला होता. तितकें आयुष्य लाभलेले, आणि लाभूनही आपला हक्क सरकारांत नोंदवूं शकलेले, देशी शिपाई किती असणार? एकंदर पदकें सुमारें साडेचार हजार वांटलीं गेलीं, आणि तीं या सर्व लढायांच्या व सर्व इलाख्यांच्या शिपायांत मिळून. वस्तु इतकी दुर्मिळ, मागणी मोठी आणि किंमतही तशीच. मग तिची नक्कल न होती तरच नवल!

आतां नक्कल ओळखावी कशी? पहिली साक्ष धातूची. खरें पदक टांकसाळींत ठसा मारून पाडिलेलें असतें. नक्कल करणारा बहुधा खऱ्या पदकावरून मातीचा किंवा अन्य साचा घेऊन त्यांत धातु ओततो. ओतलेला धातु थंड होतांना आकसतो. त्यामुळें ओतींव पदक मूळापेक्षां किंचित् लहान भरतें. त्याच्या पृष्ठभागावर भिंगाखालीं बारीक छिद्रें दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि राणीच्या केसांच्या ज्या बटा ठशांत सुट्या सुट्या उमटतात त्या ओतकामांत एकमेकींत मिसळून जातात. कडेवर कानशीची खूण सांपडली तर शंका घेण्यास आणखी जागा होते. येथवरची परीक्षा गांवचा जाणता सोनारही करूं शकेल.

दुसरी साक्ष कडेवरील नांवाची. इंग्रजी रणपदकाच्या कडेवर ज्याचें त्याचें नांव, बहुधा हुद्दा व पलटण यांसह, घातलेलें असतें. एखाद्या सामान्य शिपायाचें पदक मोठ्या प्रसंगाचें भासविण्यासाठीं हें नांव कानशीनें घांसून त्याजागीं दुसरें घालण्याची युक्ति फार जुनी आहे. परंतु घांसलेला धातु परत येत नाहीं. ज्या ठिकाणीं नांव घांसलें तेथें पदकाचा व्यास केसभर कमी होतो, आणि तीन-चार दिशांनीं कॅलिपर लावून मापलें असतां चोरी उघडकीस येते. नव्या अक्षरांचें वळण, त्यांची खोली, त्यांच्या तळाशीं मळ सांचलेला आहे कीं चांदी लखलखते आहे, हेंही पाहावें.

तिसरी साक्ष पट्ट्यांची, आणि लबाडीस वाव आहे तो येथेंच अधिक. पदक खरें, नांव खरें, पण पट्टी मागाहून चढविलेली, असा प्रकार वारंवार आढळतो. कारण एका पट्टीच्या पदकास दुसरी पट्टी चढली कीं किंमत वाढते. येथें इंग्रजी कारकुनाच्या कानानें आपणांस मोठेंच साहाय्य केलें आहे. आजच्या इंग्रजी ग्रंथांत असईचें नांव सहा अक्षरांनीं लिहितात. पट्टीवर मात्र तें ए, एस, एस, वाय, ई अशा पांचच अक्षरांचें आहे. कोरेगांव आज 'के' नें आरंभ होऊन 'एन' नें संपतें. पट्टीवर तें 'सी' नें आरंभ होऊन 'एम' नें संपतें. अडगांवचें नांव पट्टीवर 'आरगॉम' होऊन बसलें आहे. पुस्तक पाहून पट्टी करणारा शहाणा गृहस्थ शुद्ध लिहावयास जातो आणि आपल्या शुद्धलेखनानेंच पकडला जातो.

पट्ट्यांचा क्रमही बोलका आहे. सामान्यतः इंग्रजी पदकांवर पहिली पट्टी पदकाला लागून असते व पुढच्या तिच्यावर चढत जातात. या पदकाचा रिवाज उलटा आहे: पहिल्या लढाईची पट्टी सर्वांत वर आणि शेवटची पदकाला लागून, म्हणजे वाचावयाचें तें वरून खालीं. इतर पदकांच्या सरावानें ज्यानें क्रम लाविला, त्याचा हात येथें चुकतो. मात्र फीत बदलतांना घरच्याच माणसानें पट्ट्या उलटसुलट लाविल्या असणेंही शक्य आहे. म्हणून केवळ क्रमावरून कोणास खोटें ठरवूं नये.

चौथी साक्ष काळवेळेची, आणि आमच्या मतें ती सर्वांत बलवत्तर. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची, सीताबर्डीची २६ व २७ नोव्हेंबरची. पुण्याच्या फौजेंतला पायदळ शिपाई तीन आठवड्यांत नागपुरास लढावयास कसा पोहोंचला, हें ज्याच्या पदकावर दोन्ही पट्ट्या आहेत त्याच्या वारसानें सांगितलें पाहिजे. उलट खडकी आणि १ जानेवारी १८१८ चें कोरेगांव हीं दोन स्थळें एकाच मुलखांतलीं, आणि लढणारी फौजही मुंबई इलाख्याची. तेथें दोन्ही पट्ट्या एकत्र येण्यास हरकत दिसत नाहीं. तसेंच असईचें. त्या दिवशीं वेलस्लीच्या हाताखालीं लढलेल्या कंपनीच्या देशी पलटणी मद्रास इलाख्याच्या होत्या. तेव्हां पदकाच्या कडेवर मुंबईच्या पायदळ पलटणीचें नांव आणि फितीवर असईची पट्टी, अशी जोडी दिसली कीं ती कशी जमली याचा शोध घेतल्यावांचून पुढें जाऊं नये.

सर्वांत हृदयाला भिडणारी कसोटी कोरेगांवची. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील मुंबईच्या पलटणीनें त्या दिवशीं सबंध दिवस गांव धरून ठेविलें, आणि त्या प्रसंगाचा स्तंभ भीमेच्या कांठीं उभा आहे. त्यावर कामास आलेल्या शिपायांचीं नांवें आहेत. त्यांत ज्यांच्या शेवटीं 'नाक' हें पद आहे अशीं महार शिपायांचीं नांवें बावीस. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशीं गेले, तेव्हांपासून या नांवांना एक नवा अर्थ प्राप्त झाला आहे. आतां विचार करावा: पदक १८५१ सालीं जिवंत असलेल्यासच मिळालें, स्तंभावर नांव आलें तें १८१८ सालीं मेलेल्याचें. म्हणजे जो स्तंभावर आहे तो पदकावर असूं शकत नाहीं. स्तंभावरील एखाद्या मृत वीराचें म्हणून कोरेगांवचें पदक कोणी पुढें केलें, तर धातु, फीत, अक्षर कांहींही न पाहतां तें त्याचें नव्हे असें सांगतां येईल. असें पदक विकणारा केवळ गिऱ्हाइकास फसवीत नाहीं. ज्यास सरकारानें कांहींच दिलें नाहीं अशा माणसाच्या मरणावर तो व्यापार करितो.

या सर्वांच्या वर शेवटची साक्ष आहे ती यादीची. पदकें वांटतांना कोणास कोणत्या पट्ट्या दिल्या याच्या याद्या केल्या गेल्या; कंपनीचें व इंडिया ऑफिसचें दप्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. यादींत नांव नसेल तर पदकानें कितीही चकाकावें, तें व्यर्थ आहे. परंतु यादींतील नांवास जुळेल असें पदकही बनवितां येतें हें ध्यानांत धरावें. म्हणून यादी ही शेवटची साक्ष, एकटी साक्ष नव्हे.

असईच्या रणांगणावर आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या दिवशीं शिंद्यांच्या कवायती पायदळाचें नेतृत्व अँथनी पोलमान नांवाच्या माणसाकडे होतें, आणि हा पोलमान जर्मनीतील हॅनोव्हरचा. जर्मन लोकांचा कवायतीचा नाद जसा आपल्याकडे येऊन पोहोंचला, तसा त्यांचा पदकांचा नाद जगभर पसरला. आणि आज पदकांच्या पारखीचें शास्त्र म्हणून जें कांहीं आहे त्याचा मोठा भाग जर्मन पदकमालांवरील वादांतूनच घडला आहे. कारण उघड आहे. प्रशियाच्या राजानें १८१३ सालीं स्थापिलेला लोखंडी क्रूस १८७०, १९१४ व १९३९ सालीं पुन्हां पुन्हां चालूं झाला. पहिल्या महायुद्धांत त्याची खैरात लक्षावधि शिपायांवर झाली. बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेंबर्ग इत्यादि संस्थानांचीं पदकें वेगळींच. सुटें पदक स्वस्त मिळतें. तींच पांच पदकें एका मालेंत शिवलीं कीं तिला कोणा अनामिक वीराचें चरित्र प्राप्त होतें आणि किंमत कित्येक पटींनीं वाढते. येथें प्रत्येक पदक खरें असून सबंध माला खोटी असूं शकते, हें या विषयाचें मर्म आहे.

इंग्रजी पदकांप्रमाणें जर्मन पदकांवर सामान्यतः नांव नसतें. मग साक्ष कोणाची काढावयाची? प्रथम क्रमाची. दरबारांत मानकऱ्यांची बैठक जशी ठरलेली असे, कोणी कोणाच्या वर बसावें यावरून जशा तलवारी निघत, तशीच पदकांची बैठक ठरलेली असे, आणि ती संस्थानागणिक व काळागणिक बदले. मागाहून शिवणाऱ्यास ही बैठक पुष्कळदां ठाऊक नसते. दुसरी साक्ष सनांची. हिंडेनबुर्ग यांनीं १३ जुलै १९३४ रोजीं पहिल्या महायुद्धांतील सैनिकांसाठीं एक मानाचा क्रूस स्थापिला. लढणाऱ्यास तलवारींसह, न लढणाऱ्यास तलवारींवांचून. हा क्रूस ज्या मालेंत आहे ती माला १९३४ पूर्वींची असूं शकत नाहीं, मग विकणारा ती १९१८ सालची म्हणून कितीही शपथा घेवो. त्याचप्रमाणें १९५७ सालीं पश्चिम जर्मनीनें कायदा करून नाझी काळांतील पदकें स्वस्तिकचिन्ह काढून वापरण्यास परवानगी दिली; तेव्हां चिन्हरहित पदक दिसलें कीं तें त्यानंतरचें समजावें.

तिसरी साक्ष शिवणीची, आणि ती फारच मनोरंजक आहे. पदकें वर्षानुवर्षें एकमेकांवर घांसलीं म्हणजे शेजारच्या पदकाच्या कडेनें ठराविक जागीं झीज होते. फितीचा जो भाग पदकाखालीं झांकला गेला तो गडद राहतो, उघडा भाग विटतो. पाठीमागच्या कापडावर धातूचे डाग ठराविक आकारांत उमटतात. फीत उचलून पाहावी: डाग पदकाशीं जुळतात काय? न जुळल्यास एक पदक बदललें आहे. जुन्या टांक्यांचीं रिकामीं छिद्रें दिसल्यास माला पूर्वीं उसवली गेली आहे. शिवाय अंधाऱ्या खोलींत जंबुपार किरणांचा दिवा लाविला असतां हल्लींचा दोरा पुष्कळदां निळसर चमकतो. कारण कापडास शुभ्रता आणणारीं जीं रसायनें त्यांत असतात तीं १९१६ च्या दोऱ्यांत नसत. लोखंडी क्रूसाची परीक्षा तर लोहचुंबकानेंही होते. त्याचा गाभा सामान्यतः लोखंडाचा व चौकट चांदीची असते.

परंतु या शास्त्रांतील जाणत्यांनीं एक सावधगिरी शिकविली आहे, आणि ती आम्हांस सर्व कसोट्यांपेक्षां मोलाची वाटते. चमकणारा दोरा हा लबाडीचा पुरावा नव्हे. तो केवळ नव्या दोऱ्याचा पुरावा आहे. शिपायाच्या विधवेनें फीत विरली म्हणून ती नव्या दोऱ्यानें शिवली असेल. नुसतें आजच्या साबणानें धुतलेलें कापडही चमकतें. दुरुस्ती निराळी आणि लबाडी निराळी. म्हणून एका खुणेवरून खरें म्हणूं नये आणि एका खुणेवरून खोटेंही म्हणूं नये. क्रम, सन, झीज, दोरा आणि कागद हे पांच साक्षीदार परस्परांस न भेटतां एकच हकीकत सांगतात काय, तें पाहावें. सनदेचा मायना, शिक्का, कागद आणि तिथि यांजविषयीं आपले अभ्यासक जें म्हणत आले तेंच हें. विद्या एक, विषय मात्र निराळा.

आतां आपल्या घरांतील पेटीकडे वळूं. पहिल्या महायुद्धांतील लष्करभरती वऱ्हाडापेक्षां रत्नागिरी, सातारा, पुणें या जिल्ह्यांत पुष्कळच अधिक झाली. तरी नोकरीच्या व विवाहसंबंधांच्या निमित्तानें हीं पदकें आज सर्व महाराष्ट्रांत पसरलेलीं आहेत. बहुतेक घरीं दोन किंवा तीन पदकें एकत्र असतात: पितळी रंगाचा तारा, चांदीचें युद्धपदक व सोनेरी झांकेचें विजयपदक. यांतील ताऱ्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते ओळखणें अगत्याचें आहे. केवळ १९१४ सालाचा तारा ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या अवधींत फ्रान्स किंवा बेल्जममध्यें सेवा केलेल्यांसाठीं होता. १९१४-१५ चा तारा इतर रणक्षेत्रांसाठींही होता. कूत-अल्-अमारा येथें वेढ्यांत सांपडलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्यांनीं उपासमार सोसली व मग त्या कैदेंत गेल्या. वेढा घालणाऱ्या तुर्की सैन्याचा सूत्रधार फॉन देर गोल्ट्झ हा जर्मन फील्डमार्शल होता. वेढा उठण्यापूर्वीं दहाच दिवस, १९ एप्रिल रोजीं, तो बगदाद येथें मरण पावला. त्या पलटणींच्या शिपायाजवळ १९१४-१५ चा तारा असणें योग्य. नुसता १९१४ चा तारा दिसल्यास तो कोठून आला हें विचारलें पाहिजे.

या पदकांच्या बाबतींत नुसत्या लबाडीपेक्षां नुकसानच अधिक झालें आहे. युद्धपदक चांदीचें असल्यामुळें अडचणींत तें सोनाराच्या मुशींत गेलें. १९८० सालीं जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हां तर अशीं पदकें राजरोस वितळलीं. पुढें कोणी मालिका पुरी करण्याच्या हौसेनें बाजारांतून दुसरें पदक आणून बसवितो, आणि पणजोबांच्या ताऱ्याशेजारीं कोणा अनोळखी शिपायाचें नांव लटकूं लागतें. म्हणून प्रत्येक पदकाची कड स्वतंत्र वाचावी. ताऱ्यावरील नांव मात्र त्याच्या पाठीवर असतें. पलटणीचा क्रमांक, शिपायाचा क्रमांक व नांव हीं सर्वांवर एक आलीं तरच मालिका एका माणसाची. सर्वच पदकें चांदीचीं नसतात हेंही ध्यानांत असावें. मजूर-पलटणींतील हिंदी लोकांना तेंच युद्धपदक ब्रांझचें मिळालें. तें नकली म्हणून फेंकून देणें म्हणजे दारिद्र्यानें परमुलखीं खंदक खणावयास गेलेल्या माणसाचा दुसऱ्यांदा अपमान करणें होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. ब्रिटिश सरकारानें आपल्या गोऱ्या शिपायांस तीं नांवावांचून दिलीं. हिंदी सैनिकांस दिलेल्या पदकांवर मात्र नांवें घालण्यांत आलीं. त्यामुळें इटलींतून किंवा ब्रह्मदेशांतून परत आलेल्या आपल्या शिपायाचें पदक इंग्रज शिपायाच्या पदकापेक्षां अधिक बोलकें आहे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत पडलेले नाईक यशवंत घाडगे यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्रूसाच्या आडव्या पट्टीमागें वीराचें नांव व क्रूसाच्या पाठीवर पराक्रमाचा दिनांक कोरण्याची रीत आहे. परंतु घाडग्यांच्या बरोबर लढलेल्या शेंकडों शिपायांचें नांव त्यांच्या साध्या ताऱ्याखेरीज दुसरीकडे कोठेंही वाचावयास मिळणार नाहीं.

येथवर खऱ्या-खोट्याचा विचार झाला. आतां पदक सर्वस्वी खरें ठरलें असें धरूं. तें संपूर्ण सत्य सांगतें काय? आमचें उत्तर नकारार्थीं आहे. असईच्या पट्टीवर जिंकणाराचें नांव आहे. त्या दिवशीं आपल्या तोफांपाशीं उभे राहून मेलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांना कोणी पट्टी दिली नाहीं. इंग्रजांकडील ४२८ माणसें त्या दिवशीं ठार झालीं. त्यांनाही पदक नाहीं, कारण तीं १८५१ पर्यंत जगलीं नाहींत. पेशव्यांच्या वतीनें आलेले बापू गोखले १८०३ च्या मोहिमेंत वेलस्लीच्या सैन्याबरोबर होते. तेच पुढें १८१७ सालीं खडकीस इंग्रजांविरुद्ध उभे राहिले व फेब्रुवारी १८१८ मध्यें अष्टीच्या लढाईंत पडले. ही गुंतागुंत कोणत्याही पट्टीवर मावणारी नाहीं. तेव्हां पदक खरें आहे याचा अर्थ इतकाच कीं अमुक नांवाचा माणूस अमुक लढाईंत होता आणि नंतर अमुक वर्षें जगला. तो शूर होता कीं नव्हता, तो कोणत्या पोटतिडिकेनें तेथें गेला, परत आल्यावर गांवानें त्यास कसें वागविलें, हें धातु सांगत नाहीं. तें सांगणारे कागद आणि माणसें निराळीं.

म्हणून आमची सुशिक्षित कुटुंबांस विनंति आहे ती अशी. पेटींतील पदक चिंचेनें किंवा राखेनें घांसून चकचकीत करूं नये. त्या घांसण्यांत नांव झिजतें व खऱ्या-खोट्याचा पुरावा नाहींसा होतो. फीत फाटकी असली तरी ती टाकूं नये, कारण तिच्यावरील डागही साक्षीदार आहेत. एकत्र असलेलीं पदकें वांटणींत भावाभावांनीं तोडून घेऊं नयेत; घ्यावयाचीं तर एकानें सर्व घ्यावीं. कडेवरील अक्षरें भिंगानें वाचून जशींच्या तशीं, चुकांसह, उतरून घ्यावीं आणि त्याबरोबर वडील माणसांस जें आठवत असेल तें, 'ऐकींव' असा शेरा देऊन, वहींत लिहून ठेवावें. शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तु १९७२ च्या कायद्यानें पुराणवस्तु ठरते, हें विसरून ती परदेशच्या व्यापाऱ्यास देऊं नये.

आणि पारख करितां पदक खोटें निघालें तर? तर तसें स्पष्ट म्हणावें, आणि त्याबद्दल खेद मानूं नये. घरांत पराक्रमी पुरुष झाला नाहीं यांत कमीपणा नाहीं. न झालेल्या पराक्रमाचा बिल्ला मुलांच्या हातीं देण्यांत मात्र आहे. उलट एकाच पट्टीचें, झिजलेलें, ज्यावरील नांव कसेंबसें वाचतां येतें असें खरें पदक हातीं आलें, तर त्या नांवाचा पत्ता लावावा. तो माणूस कोणत्या गांवचा, कोणत्या पलटणींत, कोणत्या सालीं भरती झाला, हें यादींतून व गांवच्या कागदांतून शोधावें. असई व अडगांव येथील शेतें आजही नांगरलीं जातात. तेथें कोण लढलें आणि कोण मेलें, हें मराठींत लिहिण्याचें काम अद्याप पुष्कळच शिल्लक आहे.